फिल्टरच्या जागी मनी प्लांट: एका फिश टँकचे आठ महिने

कोकणातल्या जुन्या घरामागे न्हाणीचं सांडपाणी जिथे उतरतं तिथे अळू, कर्दळ आणि एखादी केळ असतेच. पाणी त्यांच्या मुळांतून जातं आणि पुढे डबकं साचत नाही, वास येत नाही. फिश टँकला झाडांचा फिल्टर लावायचा म्हणजे हीच व्यवस्था एका लांबट कुंडीत टाकीच्या डोक्यावर बसवायची. देवगड तालुक्यात सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या पठारावरच्या) घरात हे काम जानेवारीत हाती घेतलं आणि सप्टेंबर उजाडल्यावर कुठे घोर संपला. जे जे बिघडलं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघाल्या: जांभ्यातल्या विहिरीचं फार हलकं, क्षार कमी असलेलं पाणी आणि पावसाळ्यात जाणारी वीज. मोठ्या शहरांतल्या कृतींमध्ये या दोन्हींचा उल्लेख सहसा नसतो, म्हणून तारखांसकट लिहितो आहोत.

आधी थोडं शास्त्र, कारण पुढचे सगळे घोळ त्यावरच उभे आहेत. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी असतात, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खातात, पण पसंती बहुधा अमोनियाला. ज्यांची मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतात ती झाडं पाण्याखालच्यांपेक्षा जोरात वाढतात, कारण कार्बन डायऑक्साइड त्यांना थेट हवेतून मिळतो. मनी प्लांटची सगळी करामत एवढीच.

१२ जानेवारीला पाणी तपासून घ्यायचं ठरवलं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवलं आहे. पीएच, क्षारता (पाण्याची आम्ल शमवायची ताकद), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह हे सगळं त्यात कळतं. ग्रामपंचायतीत तोंडी विचारलं तर ‘बघू’. लेखी अर्ज दिल्यावर कळलं की किटमधली रसायनं संपली आहेत. ती नऊ दिवसांनी आली. विहीर वाडीची सामाईक असल्याने तपासणीला पैसे लागले नाहीत. २१ तारखेला कागद हातात पडला: पीएच ६.२, क्षारता २० मिलिग्रॅम प्रतिलिटर, कठीणपणा ३०. प्यायला झकास पाणी. पण क्षारतेचा तो २० आकडा धोक्याची घंटा होती आणि तो वाचून आम्ही कागद फाइलला लावून टाकला. त्याची किंमत मार्चमध्ये मोजली.

त्या नऊ दिवसांत मनी प्लांटच्या फांद्या मुळं धरायला लावल्या. इथे कोकणापुरती एक सूचना. आंब्याच्या बुंध्यावर चढलेला मनी प्लांट मोठ्या पानांचा आणि दणकट असतो, हात तिकडेच जातो. पण नोव्हेंबरपासून मोहोर आणि फळासाठी ज्या फवारण्या होतात त्यांतली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात. फांद्या पडवीतल्या कुंडीतून घ्या. प्रत्येकीला दोन-तीन डोळे हवेत, खालचा डोळा पाण्यात, पानं बाहेर. मातीत वाढलेलं रोप उपटून पाण्यात लावलं तर जुनी मुळं कुजतात आणि तोच कुजका भाग अमोनिया वाढवतो. बरण्यांत ठेवलेल्या बारा फांद्यांपैकी दहांना तीन आठवड्यांत बोटभर पांढरी मुळं आली.

टाकी ६० × ३० × ३८ सेंटिमीटर, पाच मिलिमीटर काचेची, १,४५० रुपयांना. प्रत्यक्षात पाणी बसतं साधारण ६० लिटर, म्हणजे काच आणि वाळू धरून भार ८० किलोच्या पुढे जातो. लोखंडी स्टँड घेतला नाही. खाऱ्या वाऱ्यात तो दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. त्याऐवजी सहा चिरे रचून वर फळी आणि थर्माकोल टाकला, खर्च २७०. २६ जानेवारीला टाकी भरून तीन दिवस गळतीसाठी नुसती ठेवली.

तळाला नदीची जाडसर वाळू घातली. किनाऱ्याची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा किती आहे ते कळत नाही. खात्री करायची तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुना आहे. वाळू धुवायला बारा बादल्या पाणी गेलं. पाण्याखाली व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट लावलं, दोन्ही मिळून १५० रुपये. ही रोपं लावण्याआधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग खळखळून धुतली, तरी गोगलगाई आल्याच. त्यांनी काही बिघडत नाही.

आता मुख्य वस्तू, कुंडी. ६० सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ खोल, प्लॅस्टिकची, तळाला भोकं नसलेली (२२० रुपये). टाकीच्या मागच्या काचेला लागून, पण स्वतंत्र चिऱ्यांवर, काठाच्या वर बसवली. काचेवर तिचा भार टाकू नका. एका टोकाला पंपाची नळी पाणी आणते, दुसऱ्या टोकाला तळाला भोक पाडून टँक निपल (भोकात पाइप घट्ट बसवायचा जोड) आणि रबरी वॉशर लावून उभा पाइप बसवला. पाइपाची उंची आठ सेंटिमीटर, म्हणजे कुंडीत पाणी आठ सेंटिमीटरच चढतं आणि वरून टाकीत पडतं. पंपाच्या नळीचं तोंड मात्र कुंडीतल्या पाण्याच्या वर हवं. ते बुडालेलं राहिलं तर वीज गेल्यावर पाणी उलटं टाकीत ओढलं जातं.

आत भरायला बाजारातली सिरॅमिकची नळकांडी घेतली नाहीत. फुटकी मंगलोरी कौलं हातोडीने सुपारीएवढी फोडली, शेवाळ घासून काढलं, उकळली आणि भरली. भाजलेली माती सच्छिद्र असते, जीवाणूंना बसायला भरपूर जागा. कौलांचा थर पाण्याच्या पातळीपेक्षा दोन सेंटिमीटर वर ठेवायचा, म्हणजे उघडं पाणी दिसत नाही आणि डास अंडी घालत नाहीत.

पंप डब्यावर लिहिल्याप्रमाणे ताशी ४०० लिटरचा, ३५० रुपये. ४५ सेंटिमीटर चढ चढून आल्यावर तो किती देतो ते लिटरच्या बाटलीने मोजलं. बाटली २२ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी जेमतेम १६० लिटर. ६० लिटरच्या टाकीला तेवढं पुरतं. मुळांना संथ पाणी चालतं. वायरला बोर्डाच्या खाली झोल ठेवा, नाहीतर वायरवरून ओघळणारा थेंब थेट प्लगात जातो. पिना समुद्राजवळ हिरव्या पडतात, महिन्याने पुसाव्यात.

९ फेब्रुवारीला दहा मनी प्लांट, अळूची दोन पिल्लं आणि कडेला ब्राह्मी लावून पंप सुरू केला. मासे नाहीत. रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट टाकीत टाकायची, ती कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणू वाढतात. थेंबांचं टेस्ट किट १,१०० रुपयांचं. टाकीच्या खालोखाल महाग वस्तू हीच, पण ते नसेल तर सगळं अंदाजपंचे. १४ फेब्रुवारीला अमोनिया १ मिलिग्रॅम, २७ तारखेला अमोनिया उतरून नायट्राइट २. अगदी पुस्तकी. आणि मग सगळं ठप्प झालं. ८ मार्चला नायट्राइट तेवढंच, अमोनिया पुन्हा वर, झाडांची वाढ थांबलेली. रोज सकाळी तोच जांभळा रंग बघून आता हे कधी हलायचंच नाही असं वाटायला लागलं होतं. पीएच तपासला तर ५.६.

कारण जानेवारीच्या कागदावर होतं. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते शमवायला क्षारता खर्ची पडते: अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनामागे सुमारे ७ मिलिग्रॅम. आमच्या पाण्यात लिटरमागे होतीच २०. तीन मिलिग्रॅम नायट्रोजनाच्या आत तिजोरी रिकामी झाली, पीएच कोसळला आणि सहाच्या खाली हे जीवाणू फार मंदावतात. झाडं नायट्रेट खातात तेव्हा थोडी क्षारता परत मिळते, पण नव्या टाकीत झाडंच लहान असतात.

खाण्याचा सोडा घालून पीएच झटक्यात चढतो, पण टिकवायला तो सारखा घालत राहावा लागतो. कोकणात याहून चांगलं औषध उकिरड्यावर पडलेलं असतं. तिसऱ्यांची शिंपलं उकळून, ब्रशने घासून, चार दिवस उन्हात वाळवली. आत मांसाचा तुकडा राहिला तर तो कुजतो, म्हणून सांध्याजवळचा काळा धागा सुरीने खरवडला. पाटावरवंट्यावर जाडसर ठेचून शंभर ग्रॅम चुरा जाळीच्या पिशवीत घालून पंपाच्या धारेखाली ठेवला. आम्लधर्मी पाण्यात शिंपलं विरघळतं, पीएच साडेसातकडे गेला की विरघळणं आपोआप मंदावतं. २२ मार्चला पीएच ७.१ आणि क्षारता ६० झाली. हे मासे सोडण्याआधीच करायचं. पीएच वाढला की अमोनियातला विषारी वाटा वाढतो: ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला तो एक टक्क्याच्या आत असतो, ८ ला सात टक्क्यांच्या वर.

त्यानंतर गाडी रुळावर आली. २ एप्रिलला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. ५ एप्रिलला चार गप्पी आणले, २६ तारखेला आणखी चार. सगळे नर, कारण माद्या असल्या तर दोन महिन्यांत टाकीवरचा भार तिप्पट. नग ३० रुपये. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डासांच्या अळ्यांसाठी गप्पी पाळलेले असतात, ते शोभेसाठी मागू नयेत. आणि आपले गप्पी वहाळात (ओढ्यात) सोडू नयेत, तिथल्या पिकूसारख्या स्थानिक माशांवर ते संकट होतात.

खाणं किती? आठ गप्पींना दिवसाला ०.२ ग्रॅम, नखावर मावेल एवढं. चाळीस टक्के प्रथिनांच्या खाण्यात तेवढ्यातून सुमारे १३ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. तो सगळा पाण्यात उतरला तर ६० लिटरमध्ये नायट्रेट रोज एका मिलिग्रॅमने चढेल. आमचं नायट्रेट मे महिन्यात ५ च्या आसपास थांबलं होतं, म्हणजे झाडं आपला वाटा उचलत होती. खाणं दुप्पट केलं तर झाडं दुप्पट होत नाहीत.

मेमध्ये दुपारी पाणी ३१ अंशांवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६. त्यात रात्री झाडंही तोच प्राणवायू वापरतात. पहाटे गप्पी पृष्ठभागावर तोंड काढताना दिसले. कुंडीतून पडणारी धार पाण्यात बुडालेल्या नळीतून येत होती, ती कापून दहा सेंटिमीटरवरून पडेल अशी केली. आवाज वाढला, मासे खाली गेले.

खरा दणका ११ जूनला बसला. पहिल्याच वादळी पावसात तारांवर फांदी पडली आणि वीज २७ तास आली नाही. दर तासाला तांब्याने टाकीतलंच पाणी उंचावरून वीस वेळा ओतत होतो, त्यावर मासे तगले. मेले ते वीज आल्यावर. कुंडीत आठ सेंटिमीटर पाणी २७ तास नुसतं उभं होतं. मुळांनी आणि जीवाणूंनी त्यातला प्राणवायू संपवला, पाण्याला सडक्या अंड्याचा वास सुटला आणि पंप सुरू होताच ते सगळं टाकीत उतरलं. तासाभरात दोन गप्पी गेले.

यावरची दुरुस्ती दहा मिनिटांची आहे आणि ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती. उभ्या पाइपाला अगदी तळाशी चार मिलिमीटरचं भोक पाडायचं. पंप चालू असताना त्यातून ताशी तीसेक लिटर जातं, बाकीचं वरून, त्यामुळे पातळी टिकते. पंप थांबला की कुंडी पंधरा-वीस मिनिटांत रिकामी होते. कौलं आणि मुळं ओलसर राहतात, पण हवेत. ओलसर हवेत जीवाणू कितीतरी तास तगतात, साचलेल्या पाण्यात नाही. कुंडीतलं साडेतीन-चार लिटर पाणी टाकीत उतरून पातळी दोन सेंटिमीटर चढते, म्हणून टाकी काठापासून तीन सेंटिमीटर रिकामी ठेवायची. सेलवर चालणारा हवेचा पंपही आणला, ४५० रुपये. जुलैत एकदा चौदा तास आणि एकदा एकोणीस तास वीज गेली, एकही मासा दगावला नाही.

जूनअखेर सामाईक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडायला लागली. पावसाळ्यात ती हवीच, पण त्यातला क्लोरिन माशांचे कल्ले आणि कौलांवरचे जीवाणू दोघांनाही जाळतो. टेस्ट किटवाल्या ताईंनी सांगितलं, “पावडर घातली की दोन दिस ह्या पाणी माशांका घालू नको.” पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवायचं. घाई असेल तर हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) दोन खडे बादलीला. खात्री हवी तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचं द्रावण असतं, त्याने पाणी पिवळं झालं तर क्लोरिन शिल्लक आहे.

१९ जुलैला सकाळी पाय ठेवला तो पाण्यात. जमिनीवर वीस लिटर, टाकी एक तृतीयांश रिकामी. उभ्या पाइपाच्या तोंडाला कचरा अडवायला मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता. तो सोडून आत बोट घातलं तर काही लागेना, नुसतं गच्च. ओढल्यावर पाइपाच्या आकाराचा मुळांचा सोट सबंध बाहेर आला, वातीसारखा पिळलेला, पांढरा, टोकाला तपकिरी. मनी प्लांटला वाहतं पाणी सापडलं की तो त्या दिशेने जातोच.

मग चार बदल केले. उभा पाइप पाऊण इंचीवरून एक इंची. त्याभोवती अडीच इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा, करवतीने उभ्या चिरा पाडलेला, जेणेकरून मुळं बाहेरच अडतील आणि वरून हात घालून साफ करता येईल. कुंडीच्या काठाखाली तीन सेंटिमीटरवर दुसरं भोक, त्यातून नळी टाकीत, मुख्य वाट तुंबली तर पर्यायी. पंप तळातून उचलून पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटरवर टांगला. आता काहीही झालं तरी टाकीतून नऊ लिटरच्या वर पाणी जाऊ शकत नाही. मात्र उन्हाळ्यात आटणारं पाणी रोज भरावं लागतं, नाहीतर पंप कोरडा पडून जळतो. पाइप, निपल, वॉशर सगळं मिळून २४० रुपये.

ऑगस्टमध्ये जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली आणि नवी पानं फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या. पहिलं पोटॅशियम कमी असल्याचं लक्षण, दुसरं लोहाचं. माशांच्या खाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस भरपूर येतो, या दोन गोष्टी पुरत नाहीत. जांभ्यात लोह आहे, पण गंजाच्या रूपात, मुळांना ते सहज मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात पोटॅशियम सल्फेट (०-०-५०) मिळतं. ६० लिटरला १ ग्रॅम घातलं की पोटॅशियम ७ मिलिग्रॅमने वाढतं, पंधरवड्यातून एकदा पुरे. चिलेटेड लोह १२ टक्क्यांचं: ५ ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १० मिलिलिटर आठवड्याला. युरिया, डीएपी किंवा १९:१९:१९ चुकूनही नको. त्यात अमोनिया किंवा युरिया असतो, म्हणजे जे काढायला एवढा खटाटोप केला तेच आपण ओतणार.

झाडांबद्दल आमचं मत असं. मनी प्लांट सगळ्यात चिवट, पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दिवसांतही थोडा तरी वाढतो. अळू सगळ्यात खादाड, पण ऑगस्टपर्यंत त्याचा कांदा एवढा फुगला की कुंडीची बाजू बाहेर आली. तो काढला. पानांचं फदफदं केलं, कारण टाकीत एकदाही माशांचं औषध वापरलं नव्हतं. वापरलं असेल तर ती पानं खाऊ नका. ब्राह्मी कडेची जागा छान भरते, गाळण्याचं काम बेताचंच. वाळा लावायचा मोह झाला होता, पण त्याची मुळं बघता १९ जुलै दर महिन्याला आला असता.

पाणी बदलावं लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. झाडं नायट्रेट नेतात, पण आटलेल्या पाण्यामागे राहिलेले क्षार आणि शिंपल्यांचा कठीणपणा तसाच साठतो. पंधरा दिवसांनी बारा लिटर बदलतो.

सगळा खर्च, ६०० रुपयांच्या एलईडी दिव्यासकट, ५,०७० झाला. ६ सप्टेंबरला आकडे असे होते: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, पीएच ७.२, क्षारता ७०. सहा गप्पी. शिंपल्यांचा चुरा निम्मा उरला होता, तो बदलला. महिन्यातून एकदा मुळं एक तृतीयांश छाटतो, एकदम सगळी नाही, कारण कापलेल्या मुळांबरोबर त्यांवरचे जीवाणूही जातात. छाटलेली मुळं आणि जास्तीचं हॉर्नवर्ट माडाच्या आळ्यात पुरायचं. वहाळाच्या पाण्यात टाकलं तर पुढच्या पावसात खालच्या वाडीच्या विहिरीपर्यंत पोचेल.